विश्लेषण : कॉलेजच्या ‘व्यसनबंदी’ हमीपत्रावर सही करण्याआधी पालकांनी काय वाचावे?

कारवाई होणार, एवढेच बहुतेक नियमांत लिहिलेले असते. कोणावर, कशासाठी, कोणत्या क्रमाने आणि मुलगा आजारी असेल तर काय, हे विचारण्याची वेळ प्रवेशाच्या दिवशीच असते.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या खिडकीपुढे पालकांच्या हातात टीसी, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, फोटो आणि झेरॉक्सचा गठ्ठा असतो. शेवटी एक हमीपत्र पुढे येते. ‘माझा पाल्य कोणत्याही प्रकारचे व्यसन करणार नाही, केल्यास होणारी कारवाई मान्य राहील’ अशा अर्थाचे एक वाक्य त्यात असते. झरी किंवा महागावहून सकाळच्या एसटीने आलेल्या बापाला परतीची गाडी गाठायची असते. तो सही करतो.

त्या एका वाक्याचा अर्थ नंतर कळतो, तोही बहुतेकदा वाईट वेळी. वसतिगृहातून फोन येतो, ‘ताबडतोब या’. मुलाला खोली सोडायला सांगितलेले असते. पोलिसांत गेले की नाही, परीक्षेला बसता येईल की नाही, शिष्यवृत्तीचे काय होणार, यातले काहीच पालकांना ठाऊक नसते. म्हणून कायदा काय म्हणतो, कॉलेजचा अधिकार कुठपर्यंत आहे आणि चांगल्या धोरणात काय असायला हवे, हे आधीच समजून घेतलेले बरे.

कायद्याने वयाची मर्यादा किती?

महाराष्ट्रात दारूचा मूळ कायदा १९४९ चा आहे. मुंबई दारूबंदी कायदा म्हणून तो आला आणि आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे अनेकांना माहीतच नसते. बिअरसाठी किमान वय २१ आहे, तर व्हिस्की-रमसारख्या तीव्र मद्यासाठी २५. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांचे इंजिनीअरिंग करणारा मुलगा साधारण २१-२२ व्या वर्षी बाहेर पडतो. म्हणजे पदवीचा विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत तीव्र मद्यासाठी कायद्याने अपात्रच असतो. ‘आता तो अठरा वर्षांचा झाला’ हा युक्तिवाद मतदानाला चालतो, दारूला नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती बहुतेक अठराच्या आतली असतात. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे गुन्हेगार देणारा ठरतो, मुलगा नाही. कनिष्ठ महाविद्यालयाने अशा मुलाला आधी घरी हाकलणे आणि त्याला पुडी देणाऱ्याला मोकळे सोडणे, हे कायद्याच्या उलट आहे.

तंबाखूसाठी २००३ चा ‘कोटपा’ कायदा आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. अठराखालच्या मुलाला ते कुठेच विकता येत नाहीत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि २०१९ पासून देशभर ई-सिगारेटवर. तरीही कॉलेजच्या गेटबाहेर पानठेला आहे का, तिथे खर्रा घोटला जातो का, हे पालकाने स्वतः डोळ्यांनी पाहून यावे. विदर्भात कित्येक मुलांचे पहिले व्यसन दारू नसते, खर्रा असतो, आणि तो घरात सगळ्यांसमोर खाल्ला जात असल्यामुळे त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

गांजा, चरस, एमडी : मुलगा कुठे अडकतो?

अमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. पालकांनी यातल्या तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, सेवन हाही गुन्हा आहे. कलम २७ नुसार कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसारख्या पदार्थांच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरी, जवळ किती सापडले यावर शिक्षा ठरते. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यापारी मात्रा’ २० किलोपासून धरली जाते. चरससाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो आहेत. एमडी म्हणजे मेफेड्रोन २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आले. त्याची अल्प मात्रा फक्त दोन ग्रॅम आणि व्यापारी मात्रा ५० ग्रॅम आहे. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे आणि जामीन अत्यंत कठीण. गांजाची पुडी आणि एमडीची पुडी दिसायला सारखीच चिमुकली असली, तरी कायद्याच्या तराजूत त्यांचे वजन वेगळे आहे.

तिसरी, या कायद्यात विकत घेणे, बाळगणे, नेणे आणि देणे हे सगळे गुन्हेच आहेत. ‘मी पीत नाही, मित्राने सांगितले म्हणून आणून दिले’ हा बचाव होत नाही. पैसे घेतले नाहीत, याने फार फरक पडत नाही. मैत्रीखातर ‘डिलिव्हरी’ करणारा मुलगा कित्येकदा पिणाऱ्यापेक्षा जास्त अडकतो. घरी बोलताना हा मुद्दा आधी सांगावा.

याच कायद्यात एक दारही आहे, ज्याची चर्चा कमी होते. कलम ६४-अ नुसार व्यसनाधीन व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तिने स्वतःहून शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. म्हणजे देशातला सर्वांत कठोर समजला जाणारा कायदाही ‘आधी बरा हो’ असे म्हणायची जागा ठेवतो. कॉलेजच्या एका ओळीच्या नियमात मात्र ती जागा नसते. या सगळ्या विषयातला खरा आक्षेप हाच आहे.

कॉलेज काय करू शकते?

कॉलेज न्यायालय नाही. ते शिस्तभंगाची कारवाई करू शकते. ताकीद देणे, पालकांना बोलावणे, वसतिगृहातून काढणे, ठरावीक काळ निलंबित करणे, गंभीर प्रकरणात प्रवेश रद्द करणे, अशा पायऱ्या असतात. जिल्ह्यातली बहुतेक पदवी महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. तांत्रिक, वैद्यकीय आणि कृषी शिक्षणाच्या संस्थांवर आपापल्या शिखर संस्थांचे नियम वेगळे. शिवाय समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची स्वतःची नियमावली असते. पांढरकवडा आणि पुसद या दोन्ही ठिकाणी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. त्यांच्या वसतिगृहातून काढलेल्या मुलाचे फक्त छप्पर जात नाही, बहुतेकदा शिक्षणच जाते. यवतमाळला खोली घेऊन मेस लावण्याची ऐपत असती तर तो तिथे आलाच नसता.

म्हणून शिक्षा किती, याआधी शिक्षा कशी, हे बघावे. आरोप लेखी मिळाला पाहिजे. मुलाला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. निर्णय कारणांसह लेखी हवा. अपील कोणाकडे करायचे हे त्यात लिहिलेले हवे. ही कॉलेजची मेहेरबानी नाही, नैसर्गिक न्यायाचे साधे तत्त्व आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि विद्यापीठाच्या पातळीवर लोकपाल. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कॉलेजच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर या समितीतल्या सदस्यांची नावे आहेत का, हे प्रवेशाच्या दिवशीच पाहून ठेवावे.

जबरदस्तीने पाजले तर?

‘फ्रेशर्स’च्या नावाखाली ज्युनिअरला दारू पाजणे किंवा सीनिअरसाठी बाटली आणायला लावणे, हे व्यसनबंदीच्या नियमात मोडत नाही. ते रॅगिंग आहे. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि ज्याला जबरदस्तीने पाजले तोच ‘दारू पिताना सापडला’ म्हणून शिक्षेच्या यादीत जाऊ शकतो.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात दारू प्यालेल्या सीनिअर विद्यार्थ्यांच्या मारहाणीत अमन काचरू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातील रॅगिंगविरोधी व्यवस्था बदलली. त्याच वर्षी यूजीसीचे नियम आले. विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून शपथपत्र घेण्याची पद्धत त्यातूनच रुळली. १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरील रॅगिंगविरोधी मदतवाहिनी आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९९९ मध्ये, स्वतंत्र कायदा केला होता. त्यानुसार रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्याला पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि दुर्लक्ष केल्यास तोही जबाबदार धरला जातो. जबरदस्ती झाली असेल तर तक्रारीत ‘रॅगिंग’ हा शब्द स्पष्ट लिहावा.

एकच शिक्षा सर्वांना, हे चुकीचे का?

‘व्यसन केल्यास काढून टाकू’ हे वाक्य कडक वाटते, म्हणून पालकांनाही आवडते. पण त्या एका वाक्यात तीन वेगळी मुले कोंबलेली असतात. एक, ज्याने गॅदरिंगच्या रात्री पहिल्यांदा बिअर घेतली. दुसरा, ज्याला रोज घेतल्याशिवाय झोप येत नाही. तिसरा, जो इतरांना माल विकतो. पहिल्याला समज आणि ठरलेली लहान शिक्षा हवी. दुसऱ्याला डॉक्टर हवा. तिसऱ्यासाठी पोलिस. तिघांनाही एकच दार दाखवले तर पहिला लपवायला शिकतो, दुसरा आणखी खोल जातो आणि तिसरा दुसरे कॉलेज शोधतो.

पहिल्या मुलाचे घर त्याला सावरू शकते. सर्वांत मोठा तोटा दुसऱ्याचा होतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण २० पैकी एक आहे. कॉलेज हे उपचाराचे दार उघडण्याची त्यातल्या त्यात सोपी जागा आहे. मुलगा रोज तिथे येतो, शिक्षक त्याला नावाने ओळखतात. त्याला काढून टाकले की तो या नजरेतूनही सुटतो आणि गावी परततो. तिथे बोलायला डॉक्टर नसतो आणि हातभट्टी जवळ असते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९८० च्या दशकात ब्राऊन शुगर म्हणजे ‘गर्द’ पुण्या-मुंबईच्या तरुणांपर्यंत पोहोचली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. व्यसनी माणूस आधी रुग्ण आहे, ही भूमिका मराठी समाजाने तेव्हाच ऐकली. जवळपास चाळीस वर्षांनंतरही कॉलेजच्या हमीपत्राला ती ठाऊक नसावी, हे खटकणारे आहे.

‘ढिलाई दिली तर सगळेच पितील’ हे खरे का?

प्राचार्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. शेकडो मुले, मोजके शिक्षक, एकटा रेक्टर. गेटबाहेर काय चालते यावर कॉलेजचा हात पोहोचत नाही. एखादा प्रकार घडला की बातमी कॉलेजच्या नावाने छापली जाते. अशा वेळी सगळ्यात कडक नियम लिहून ठेवणे हा सगळ्यात सोपा बचाव असतो.

पण बंदी लिहिली म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही, हे यवतमाळकरांना कोणी शिकवायला नको. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये ती आली आणि अवैध दारू व गुन्हे वाढल्याचे कारण देत राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवली. वर्धा नदीच्या एका काठावर बंदी आणि दुसऱ्या काठावर दुकान, हे चित्र वणी, राळेगाव, कळंबच्या लोकांनी जवळून पाहिले आहे. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मुद्दा एवढाच की बंदीसोबत राबवणारी यंत्रणा आणि सुटायचा मार्ग दिला नाही, तर पिणारा नदी ओलांडतो. वसतिगृहाचेही तेच. तिथे नियम कडक झाला की पार्टी गावाबाहेरच्या भाड्याच्या खोलीत हलते, जिथे रेक्टर नाही आणि रात्री काही झाले तर मोठे माणूसही नाही.

कडकपणाला विरोध नाही. शिक्षा ठरलेली असावी, ती चुकू नये आणि चुकीच्या प्रमाणात असावी. विक्रीला माफी नकोच. तिथे कॉलेजने ‘बदनामी होईल’ म्हणून प्रकरण दाबणे हा इतर शेकडो मुलांशी केलेला धोका आहे.

रात्री दोन वाजता काय होते?

धोरणाची खरी परीक्षा या प्रश्नावर होते. समजा, वसतिगृहाच्या खोलीत चार मुले आहेत. एकजण खूप प्यायला आहे, उठवले तरी उठत नाही, श्वास अडखळतो आहे. बाकीच्या तिघांनीही घेतलेली आहे. रेक्टरला सांगितले तर चौघांचे प्रवेश जाणार, हे त्यांना माहीत आहे. ती काय करतील? बहुतेकदा ती त्याला कुशीवर वळवायचेही विसरतील, लिंबू पाजतील, डोक्यावर पाणी ओततील आणि ‘सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून झोपी जातील. त्या रात्री मुलाच्या जिवाला दारूइतकाच धोका त्या नियमाचा असतो.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत आणि राज्यांत यावर सरळ तरतूद आहे. मित्राच्या जिवासाठी मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर पिण्याबद्दल शिक्षा होत नाही. ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला वाचवणाऱ्याला जे अभय आहे, ते रूम पार्टनरला वाचवणाऱ्याला का नसावे? ‘मदतीसाठी फोन करणाऱ्यावर त्या रात्रीच्या सेवनाबद्दल कारवाई होणार नाही’ हे एक वाक्य नियमावलीत घालायला कोणत्याही कॉलेजला पैसा लागत नाही.

तोवर प्रत्येक पालकाने मुलाला, मुलीला हे शिकवून ठेवावे. माणूस हाक मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित असेल, ओठ-नखे निळसर दिसत असतील, फिट येत असेल, तर १०८ ला फोन करा. कुशीवर झोपवा, एकटे सोडू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका, तोंडात काही घालू नका. दारूसारखी म्हणून भलतीच वस्तू प्यायलेली असेल आणि डोळ्यांपुढे धूसर दिसत असेल तर एक मिनिटही थांबू नका. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला होता. ते विद्यार्थी नव्हते. पण दारू मिळाली नाही तर माणूस काय पिऊ शकतो, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

मुलगा सज्ञान असेल तर कॉलेजने घरी कळवावे का?

इथे पालकांना न आवडणारी गोष्ट सांगावी लागते. जीव धोक्यात असेल, पोलिस प्रकरण झाले असेल किंवा वसतिगृहातून काढायचे असेल, तर घरी कळवलेच पाहिजे, त्याच दिवशी. पण मुलगा स्वतःहून समुपदेशकाकडे गेला आणि ‘मला हे सुटत नाही’ म्हणाला, तर तो शब्द त्या खोलीत राहिला पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींनाही आजारच मानतो आणि उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. ‘सर घरी सांगतील’ ही भीती असेल तर मुलगा सरांकडे जाणारच नाही. बापाला सगळे कळावे या हट्टापायी कोणालाच काही कळू नये, अशी अवस्था येते.

अचानक लघवीच्या चाचण्या घेण्याची मागणीही अधूनमधून होते. ती करणाऱ्या पालकांनी लक्षात घ्यावे, की झटपट पट्टी-चाचणी अंतिम नसते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा खसखसही अफूवर्गीय चाचणीत गोंधळ घालू शकते. प्रयोगशाळेतून पक्की खात्री न करता, संमती न घेता, वर्गासमोर केलेली चाचणी एखाद्या निर्दोष मुलाचे वर्ष आणि नाव दोन्ही घालवू शकते.

प्रवेशाच्या दिवशी काय विचारावे?

पालकांनी पुढचे प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरे शक्यतो लेखी मागावीत.

१. व्यसनविषयक संपूर्ण नियमावली कुठे मिळेल? हमीपत्रातली एक ओळ म्हणजे नियमावली नव्हे.

२. पहिल्यांदा सेवन, वारंवार सेवन आणि विक्री यांना वेगवेगळी कारवाई आहे का?

३. नियम कुठपर्यंत लागू? फक्त कॅम्पस आणि वसतिगृह, की सहल, गॅदरिंग, क्रीडा स्पर्धा आणि भाड्याची खोलीही?

४. मदत मागणाऱ्याला संरक्षण आहे का?

५. समुपदेशक आहे का, कोणत्या दिवशी भेटतो? नसेल तर मेंटॉर शिक्षक कोण?

६. उपचारासाठी सुट्टी घेतली तर हजेरी आणि परीक्षेचे काय? परत आल्यावर प्रवेश कायम राहतो का?

७. चौकशी कोण करते, अपील कुठे?

८. वसतिगृहात रात्री जबाबदार माणूस कोण आणि त्याचा फोन नंबर काय?

उत्तर ‘आमच्याकडे असले काही होत नाही’ असे आले, तर ते उत्तर नाही.

कॉलेजने किमान काय करावे?

यासाठी मोठा निधी लागत नाही. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जिल्ह्यातली कॉलेजे त्याच्याशी जोडून घेऊ शकतात. मूल्यांकनासाठी कॉलेजांत मेंटॉर-मेंटीच्या याद्या तयार होतातच. त्या फायलीतून बाहेर काढून महिन्यातून एकदा मुलांशी खरे बोलणे एवढेच उरते. दरवर्षी २६ जूनला आणि २ ऑक्टोबरला रॅली निघते, शपथ होते, फोटो येतो. ते व्हावे. पण तिसऱ्या बाकावर झोपणारा, महिनाभरात दहा दिवस गैरहजर असलेला मुलगा रॅलीत सापडत नाही. तो हजेरीपटात सापडतो.

आणि पालकांनी?

मुलाच्या खोलीवर महिन्यातून एकदा जावे, न सांगता नव्हे, सांगून. घरमालक आणि मेसवाल्याचा नंबर घ्यावा. एकाएकी पैशांची मागणी वाढणे, झोपेच्या वेळा उलटणे, जुने मित्र तुटणे, निकाल घसरणे, ही लक्षणे व्यसनाचीच असतात असे नाही. ती नैराश्याची किंवा प्रेमभंगाची किंवा नुसत्या इंग्रजी माध्यमाच्या धसक्याचीही असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न ‘काय पितोस?’ हा नसावा, ‘काय होतंय?’ हा असावा.

उपचाराची वेळ आली तर केंद्र मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, तिथे मानसोपचारतज्ज्ञ येतो का, मुलाला भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय भरती करू नये. मारून, कोंडून व्यसन सोडवणारी जागा उपचाराची नसते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मनावरचा ताण असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ आहे. कोणी अमली पदार्थ विकत असल्याची माहिती द्यायची असेल तर १९३३.

शेवटचा मुद्दा कॉलेजच्या हातातला नाही. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बायकांनी दारूविरोधात मोर्चे काढले, ‘आडवी बाटली’साठी सह्या गोळा केल्या. त्या सह्या करणाऱ्या आईला ठाऊक असते की मुलाने दारूचा पहिला वास कुठे घेतला. ज्या बापाने हमीपत्रावर ‘माझा पाल्य व्यसन करणार नाही’ म्हणून सही केली, त्याने संध्याकाळी घरी बाटली उघडली, तर मुलगा त्या कागदाची किंमत लगेच ओळखतो.

हमीपत्र घ्यावेच. फक्त ते दोन्ही बाजूंचे असावे. मुलगा व्यसन करणार नाही याची हमी पालकाने द्यावी आणि तो घसरलाच तर त्याला आधी डॉक्टरकडे नेऊ, याची हमी कॉलेजने. ही दुसरी हमी कोणी आपणहून देणार नाही. ती खिडकीपुढे उभे राहून मागावी लागेल, आणि यंदा दहा पालकांनी मागितली तर पुढच्या वर्षीच्या कागदावर ती छापून येण्याची शक्यता तरी निर्माण होईल.